तुळसाची साखळी

४ डिसेंबर २०२१, लाखनी

आजही तुळसा पुन्हा पुन्हा दरीत पडली. चूक एकच — साखळी फेकायची घाई!

टीव्हीवरच्या या खेळात समोरच्याला मारत मारत फळीबाहेर, दरीत ढकलायचं. बाहेर गेलेल्यानं स्वतःच्या हिमतीवर परत यायचं. तुळसानं निवडली ती साखळीवाली बाहुली. तिच्या उडीत दम नाही. पण साखळीचा हूक फळीच्या काठात अडकला की झोका घेऊन वर येते. त्याच साखळीनं समोरच्यालाही पकडता येतं. मात्र नेम हुकला तर क्षणभर ताठ उभी राहते, आणि मार खाते. काठाला आधीच कोणी लटकलेलं असेल, तर हूक लागतच नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. टीव्ही दुरुस्तीही अशीच शिकलो — उघडून, बिघडवून.

लकव्यानंतर तुळसाच्या उजव्या हातात जीव नाही. भंडाऱ्याच्या व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या, "बोटं हलती ठेवा." गेमपॅडवर साखळीचं, पकडीचं बटण बरोबर उजव्या अंगठ्याखाली येतं. याहून चांगला व्यायाम कोणता!

९ डिसेंबर

पोरगी ओरडली, "बाबा, एक डाव तं जिंकू द्या ना आईले!"

"हर्षा, खोटी जीत कायले पाहिजे तिले?"

मी काठाला लटकून राहिलो. तुळसाची साखळी घसरली.

"घरातबी असेच बसता तुमी," ती म्हणाली. "दुसऱ्याले जागाच नाही!"

हसली. अर्ध्याच तोंडानं — पण हसली.

१३ डिसेंबर

पडली. गेमपॅड फेकून दिला. जेवलीही नाही.

२१ डिसेंबर

लागला! हूक लागला!

थंडी फार. मांडीवर दुलई ओढून, हात आत घेऊन खेळत होती. खाली पडता पडता थांबली, अगदी शेवटच्या क्षणी साखळी सोडली. अंगठ्यात जोर आल्याशिवाय हे जमणारच नाही. मी ओळखतो.

२ जानेवारी २०२२

रोज सुधारणा. आता पकडही हुकत नाही.

मॅडमना फोन केला — महिनाभर येत नाही. त्या म्हणाल्या, "एकदा दाखवून तरी जा."

"मॅडम, मी रोज पाहून राहिलो."

तुळसा जवळच होती. सुटल्यासारखी मागे टेकली. एस.टी.चे धक्के वाचले म्हणून असेल.

२७ जानेवारी

हरलो. खराखुरा हरलो.

मी काठ अडवला होता. तिनं घाई केली नाही. मी वर चढलो तोच काठ मोकळा झाला, आणि तिचा हूक बसला. वर आली ती थेट माझ्या मानगुटीवर! साखळीत धरून मलाच दरीत भिरकावलं.

शेजारचा गोमाजी दारातून पाहत होता. "काय ताराचंदभाऊ, वहिनीनं पाडलं काय!"

पाडलं. सगळ्या लाखनीला सांग म्हटलं.

३० जानेवारी

दुपारी डाव रंगात आला आणि लाइन गेली. टीव्ही काळा. त्या काचेत आम्ही दोघं दिसलो. दुलई घसरली होती. डाव्या हाताची बोटं बटणांवर. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला — डिसेंबरात होता तसाच.

हर्षा खाली मान घालून म्हणाली, "मीच सेटिंगमधून बटणं डाव्या बाजूले करून देल्ली, बाबा. आईनंच सांगतलं."

"काहून?" मी तुळसाला विचारलं.

"ते भंडाऱ्याची बाई हात ओढते तं खांद्यात जीव जाते माहा," तुळसा म्हणाली. "आन् तुमी किती खुश होऊन राहिले होते. कसं सांगू?"

व्यायामाचा महिना वाया गेला. मी पडद्याकडे पाहत होतो!

मग तिनं विचारलं, "पन जिंकली तं मीच ना?"

हो म्हणालो. तिचा उजवा हात हातात घेतला. थंडगार होता. तिला ते कळलंही नाही.