आईवरची चाळीस पानं

मंगळवार, संध्याकाळ. धायरी.

बाबांच्या संगणकावर मराठी टायपिंगचा नवा प्रोग्राम बसेना. जुन्या प्रोग्रामची त्याच नावाची लायब्ररी फाइल आड येतेय, असा संदेश सारखा येत होता. वैतागून मी ती एक फाइल कायमची पुसली. बाबांना विचारायला हवं होतं का? शेजारच्याच खुर्चीत तर होते.

नवा लगेच बसला. जुना मात्र त्या फाइलीशिवाय आता उघडतच नाही, त्याची सीडीही कधीच हरवली. आणि आई गेल्यापासून बाबांनी तिच्यावर लिहिलेली चाळीस पानं फक्त त्यातच उघडायची.

“छान. तिचं एवढंच उरलं होतं घरात, तेही आवरलंत आपण.”

एकच तर फाइल.

मला रडू आलं तसे ते मवाळले. “असू दे गं. तू सगळं वाचलंयस ना? आठवेल तसं सांग, मी परत लिहितो.”

दर रविवारी विचारायचे, वाचलंस का? दर रविवारी मी म्हणायचे, हो बाबा, सुरेख झालंय. एकही पान उघडलं नव्हतं.

चहा टाकते म्हणून आत येऊन हे लिहितेय. ते बाहेर कोरी वही उघडून बसलेत.