खटखट न करणारं यंत्र

३ मार्च, सोम.
सोलरच्या क्लासला नाव घातलं होतं, आज गेले. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात उभा जन्म गेला, आता म्हणे गच्चीवर वीज करायची. ह्ये म्हणाले, "पापड वाळवायला चाललीस की काय?" म्हटलं, व्हय, तुमचाच करते! ह्यांच्या मालकाचे माग आता आठवड्यातनं तीनच दिवस चालतात, तोंड मात्र सातही दिवस.

५ मार्च, बुध.
शिकवायला जाधव सर. जुळे सोलापूरहून स्कूटरवर येतात. आज छोटं पॅनेल उन्हात ठेवून वायरी मीटरला लावल्या. आकडा उठला! कुणी बटण दाबलं नाही, काही नाही. मी पदर आडवा धरला, आकडा पडला. काढला, परत चढला. परत धरला. सर म्हणाले, "पुरे की ताई, बाकीच्यांना पण बघू द्या."
ह्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्याच घातल्या. अगं बाई, केवढं सांडत होतं रोज डोक्यावर.

१० मार्च, सोम.
कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून गच्चीवर चढले. कठडा घट्ट धरला. पण वरनं तळं दिसलं, आमची गल्ली दिसली, सगळ्या पत्र्यांवर ऊन नुसतं पडून. कुणी उचलत नाही.
मला गच्चीवरचंच काम पायजे. ठरलं.

१३ मार्च, गुरु.
पॅनेलच्या वायरीचा प्लग काढायचा होता. आधी स्विच पाडायचा, वीज गेली का मीटरनं बघायचं, मग हात. मी सरळ ओढला. मागावर खटखट थांबली की माग बंद, मग खुशाल हात घाला, तीच सवय अंगात. हितं तर आवाजच नव्हता. मनानं धरलं, बंद आहे. निळी ठिणगी निघाली ती तुटेचना, लांबतच गेली. हातमोजा जळाला. बोटं शाबूत, देवाची कृपा.
सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, तुम्ही आता खालीच थांबा. पॅनेल पुसायचं काम बघू तुमच्यासाठी."
पुसायला घरात काय कमी आहे?

१५ मार्च, शनि.
घरी बोलले नाही. ह्यांनी जळका मोजा बघितला. उचलला, उलटा करून बघितला, परत जागेवर ठेवला.
डोळे मिटले की ती निळी रेघ. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण एवढी ताकद, आणि हूं की चूं नाही... त्याचंच नवल जात नाही मनातनं.
सरांना म्हटलं, "एकदा वर घ्या. परत चुकले तर जन्मभर पुसते."
"बघू."

२१ मार्च, शुक्र.
प्रॅक्टिकल परीक्षा. घेतलं वर!
स्विच पाडला. मीटर लावला. शून्य. तरी हात जाईना, परत लावला. शून्यच. प्लग काढला, नुसतं टक्. परत जोडून स्विच वर केला, आणि खालच्या वर्गातला पंखा आमच्या जोडणीवर फिरला. खाली जाऊन बघते तर क्लासच्या सगळ्या बाया पंख्याखाली माना वर करून उभ्या, लग्नात अक्षता पडायची वाट बघावी तशा. मला रडूच आलं.
सर म्हणाले, "छान केलंत. पण गच्चीच्या कामाला दोघांनाच घेणार. सोलर बसवणारे कंपनीवाले ठरवतील, फोन करतील."

२६ मार्च, बुध.
कंपनीचा फोन नाही.
ह्यांच्या मालकानं आज सांगितलं, माग भंगारात घालणार. जेवताना एक टोमणा नाही. भाकरी तशीच ताटात. मग खाली बघूनच म्हणाले, "त्या क्लासला वयाची अट असती काय गं?"
आमटी वाढली. म्हटलं, उद्या सरांना विचारते. माझंच अजून काही कळलेलं नाही, ते बोलले नाही.