वेदांग, प्रभाचा मुलगा

रविवार, १९ ऑक्टोबर २०२५, कोलोन

१. शुक्रवारी सकाळी ८.१० वाजता माझा धाकटा भाऊ वेदांग सायकलवरून युनिव्हर्सिटीत चालला होता.
२. उजवीकडे वळणाऱ्या ट्रकने त्याला उडवलं. हेल्मेट होतं.
३. डोक्याचं ऑपरेशन झालं. श्वास मशीनवर. शुद्ध नाही.
४. पुण्याला आईला फोन करून सांगितलं: पाय मोडलाय, मोबाइल फुटलाय, म्हणून बोलता येत नाही.
५. क्रमांक ४ खोटं आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. आयसीयूत निरांजन चालत नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

जिन्यात हेर – म्हणजे मिस्टर – ग्रिन्श्पुन भेटले. खालच्या मजल्यावरचे, युक्रेनमधल्या द्निप्रोहून आलेले, ऐंशी उलटलेले ज्यू आजोबा. आयुष्यभर पूल बांधले, आता कबाला, ज्यूंचं गूढशास्त्र, वाचतात. मला ‘फ्राउ कोलेगिन’, सहकारी बाई, म्हणतात – दोघेही इंजिनिअर म्हणून.

माझा चेहरा बघून थांबले. मी सांगितलं, मोजकंच.

"ट्राख्ट गुट, वेट झाइन गुट," म्हणाले. यिडिश, पण जर्मनमुळे कळलं. चांगला विचार कर, चांगलं होईल.

झालं! आईची वास्तू इथेही पोचली. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते – लहानपणापासून ऐकतेय.

प्रार्थनेसाठी त्यांनी नाव विचारलं, आणि कोणाचा मुलगा तेही. "वेदांग पद्माकर." चिठ्ठीवर लिहून घेतलं. नको म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "जागं होण्याची शक्यता जवळजवळ नाही. भावाची इच्छा काय असती? त्याने काही लिहून ठेवलंय?"

"शोधते," मी म्हणाले.

शोधायचं काय? निळी फाइल, तिसरा टॅब. पेशंटेनफरफ्यूगुंग – शुद्ध हरपली तर काय करायचं आणि काय नाही, ते आधीच लिहून ठेवायचा कागद. मार्चमध्ये मीच भरायला लावला. ऑफिसात मी ब्रेकचे सुटे भाग कसकसे निकामी होतील त्याचे तक्ते करते. भावाचाही केला!

"ताई, तू केक कापायच्या आधी सुरीचा रिपोर्ट मागशील," तो म्हणाला. आई व्हिडिओ कॉलवर होती. "शुभ बोल रे नाऱ्या! असलं काही लिहू नका गं."

त्याने खूण केली: जागं होण्याची आशा नसेल तर मशीन नको. सही. पेन माझं.

माझा तथास्तुवर विश्वास नाही. पेन मात्र काल फेकून दिलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा "शोधते."

हेर ग्रिन्श्पुननी चहाला बोलावलं. त्यांचं म्हणणं – वरून चांगलं येतच असतं, पण झडप खालून उघडावी लागते. भरवसा ठेवणं म्हणजे ती उघडणं.

"तिची चाचणी कुठे झाली?" मी विचारलं.

हसले. "फ्राउ कोलेगिन, नव्या पुलावरून पहिल्यांदा मीच चालत जायचो. चाचणी नंतर."

आता रोज वीस मिनिटं चांगला विचार करतेय. त्याच्या बेडशेजारी बसून, ठरवून. तो डोळे उघडतो, पाणी मागतो, मला चिडवतो. तेवढा वेळ फाइल आठवत नाही. म्हणजे उपयोग आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आईचा फोन. "तुझ्या मोबाइलवरून दे की त्याला. आवाज तरी ऐकू दे."

"झोपलाय."

"सारखा कसा झोपतो गं?"

"औषधांनी." आवाज स्थिर होता माझा. याची सवय होतेय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी ११.११ ला कार्निव्हल सुरू झाला. ट्राममध्ये सगळे विदूषक. एक म्हातारी मधमाशी होऊन आली होती, तिने मला लिमलेटची गोळी दिली. हॉस्पिटलच्या स्टॉपवर उतरणारी मी एकटी.

संध्याकाळी हेर ग्रिन्श्पुन दारात. हातात तीच चिठ्ठी. "पद्माकर हे आईचं नाव ना?"

"वडिलांचं. ते गेले, सहा वर्षं झाली."

ते आत येऊन खुर्चीत बसले. आजाऱ्यासाठी देवाकडे मागताना त्यांच्यात आईचं नाव घेतात म्हणे. दोन आठवडे चुकीच्या नावाने. मी आपल्याकडे सांगतात तसं सांगितलं होतं. मी! जी प्रत्येक रकाना दोनदा तपासते!

"आईचं नाव?"

"प्रभा."

"तीही मागत असेल त्याच्यासाठी?"

"तिला माहीत नाही."

मग त्यांनी आपल्या बायकोचं सांगितलं; राया तिचं नाव. दोन वर्षं आजारी होती. तिला मरणाबद्दल बोलायचं होतं. "मी बोलू दिलं नाही. ती तोंड उघडायची, मी म्हणायचो – ट्राख्ट गुट. त्याला मी भरवसा समजत होतो. माझी भीती होती ती."

"मग भरवसा म्हणजे काय?"

"जे येईल ते उचलताना आपण एकटे नसतो, एवढंच. हवं तेच मिळेल, असं कुठे लिहिलंय?"

जाताना चिठ्ठीवर पद्माकर खोडून प्रभा लिहिलं. माझ्याकडून स्पेलिंग तपासून घेतलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वीस मिनिटं केली नाहीत. नुसता हात धरला. गरम आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कागद दिला. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला. मार्चची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "पुढच्या शुक्रवारी," म्हणाल्या.

आईला पाठवलेलं, जसंच्या तसं:

आई, आधी सरितामावशीला बोलावून शेजारी बसव, मग पुढचं वाच. वेदांगचा पाय मोडलेला नाही. डोक्याला मार आहे, तो अपघातापासून शुद्धीवर नाही आणि येणार नाही. मी चार आठवडे तुझ्याशी खोटं बोलले. मार्चचा तो कागद मी आज हॉस्पिटलमध्ये दिला. शुक्रवारी, २१ तारखेला, मशीन काढतील. तातडीच्या व्हिसासाठी हॉस्पिटलचं पत्र सोबत आहे. तू येतेस, की मी फोन त्याच्या कानाशी धरू? सोमवारपर्यंत कळव. – ऋचा