अडू दे त्यांचं

४ ऑक्टोबर, पहाटे साडेपाच
निघाले. एकटी. परवा जेवताना, नणंदेसमोर, नवरा म्हणाला की घरात कुणावाचून कुणाचं काही अडत नाही. ठीक. बघूच आता. मोटारसायकल त्याचीच घेतली. रिटायर झाल्यावर हौसेने आणली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले. चालवायला शिकले मी. आता रस्ता संपेल तिथपर्यंत जाणार. तो स्वतःच्या तोंडाने ‘परत ये’ म्हणेपर्यंत वळणार नाही. दोन दिवसांत म्हणेलच. जास्तीचे कपडे उगाच घेतले.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
मेकॅनिकने बजावलं होतं, चेन मुद्दाम थोडी सैल ठेवलीय, हात लावू नका. मुद्दाम म्हणे! कामचुकारपणाला नवीन नाव. लॉजच्या अंगणात पाना घेऊन मीच आवळली, तारेसारखी घट्ट. माझ्या संसारात सैल काही चालत नाही.
नवऱ्याचा फोन नाही. धास्तावला असणार.

६ ऑक्टोबर
आला फोन. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं, विचारत होता. अडलं! शोध म्हटलं आणि ठेवून दिला. थोड्या वेळाने मेसेज, ‘सापडलं’. थापा मारतोय.
संकल्प: वाटेत कुणाशी बोलायचं नाही, रस्ताही विचारायचा नाही. हेल्मेट काढायच्या आत लोक विचारतात, मिस्टर कुठेत?

७ ऑक्टोबर
रस्ता विचारला नाही. दगडाच्या खाणीत पोचले. पहारेकरी हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं? मला खाण बघायचीच होती.

९ ऑक्टोबर
डांबर संपलं. नुसते दगड आणि वारा, चिटपाखरू नाही. चेन कुरकुरतेय. थंडीने असेल.
मुलीचा फोन. बाबा भात छान करतात, आत्या राहायलाच आलीय, रोज पत्ते रंगतात. पोरीला पढवलंय, दुसरं काय? आवाज रडवेला होता. मागे हसत होते ते टीव्हीतले लोक.

११ ऑक्टोबर
चेन तुटली. चढावर चाक खड्ड्यात आदळलं आणि तटकन गेली. कंपनीने हलका माल वापरलाय, तक्रार करणार आहे. कितीतरी वेळाने एक ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, एवढी ताणली कुणी? माणूस आणि सामान बसलं की ती आणखी ताणली जाते, थोडी ढील लागतेच. मी सांगितलं, मेकॅनिकने.
गाडी ट्रकमध्ये, मी केबिनमध्ये, दोन घाट. तरी हा प्रवास सोलोच धरायचा, कारण त्यानंतर मी ड्रायव्हरशी अवाक्षर बोलले नाही. त्याने चहा दिला, तोही रागानेच प्यायले.

१३ ऑक्टोबर
नवी चेन बसवली. ड्रायव्हरनेच. सैल. भांडण नको म्हणून गप्प बसले.
रेंज मिळावी म्हणून टेकडी चढले. नवऱ्याचा एकही मिस्ड कॉल नाही. या भागातलं नेटवर्क अगदीच भिकार.

१५ ऑक्टोबर
रस्ता संपला. चार घरं, एक दुकान, पुढे नदी, पूल नाही. एवढ्या लांब बाई एकटी आली याचं इथे कुणाला काही पडलेलं नाही. दुकानदारीण म्हणाली, बिस्किटं संपलीत. माणूसघाणी मेली.
नदीकाठी बसले. खूप एकटं वाटलं. भूक लागली असेल.

१६ ऑक्टोबर, सकाळ
दुकानातून मीच फोन लावला. मोठ्या मनाने. त्याला ‘परत ये’ म्हणायची संधी मिळावी म्हणून. त्याने हवा विचारली, गाडी विचारली, थंडी विचारली. वाट पाहिली. तो म्हणेना. शेवटी माझ्याच तोंडून गेलं, “येऊ का मी परत?”
किती वर्षांनी तो इतक्या मायेने बोलला.
“घाई कशाला करतेस? इकडे सगळं नीट चाललंय. जा की अजून पुढे.”
पुढे रस्ता नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं.