आईचा डोळा आणि गोटो

८ जाने. ८८, सौसर
आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पांढुर्ण्याहून बसनं आणलं. डोळ्यावर पट्टी; थेंब दर दोन तासांनी, टाकणारी मी एकटीच. ऑफिसनं सुट्टी दिली, पण बरोबर काम करणाऱ्या शिरीषनं अडलेल्या प्रोग्रामचे कागद बांधून दिलेच. "तिकडं बसून सुटतंय का बघ."

९ जाने.
आमचं चित्रं काढणारं मशीन सगळ्या ठिपक्यांचा हिशेब एकदमच करतं. त्याला गोटो चालत नाही, प्रोग्राममध्ये वाटेल तिथं उडी नाही. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या आमच्या कंपायलरनं प्रत्येक गोटो मोडून 'जर' नि 'जोवर' मध्ये बसवायचा. बाकी बसले. एक लूप, पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, अडलाय. त्यात दोन ठिकाणांहून शिरता येतं.
आई : "काय लिहून राहिली वं एवढं?" म्हटलं, काही नाही.

११ जाने.
सुटलं! लूपमध्ये शिरायचं एकाच ठिकाणाहून. कुठून आलो ते एका व्हेरिएबलमध्ये, नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायचं, आत गेल्यावर ते पाहून पुढं. हातानं चालवून पाहिलं, परत पाहिलं, बरोबर.
मग वर पाहिलं तर ऊन उतरलेलं. दुपारचे थेंब एकदाही नाही. आई भिंतीकडं तोंड करून. डोळा सकाळपासून ठणकत होता.
"आवाज काऊन नाही देला?"
"तू कामात होती ना. मले वाटलं, थांबतो थोडी."

१२ जाने.
पांढुर्णा. डोळा लालभडक. डॉक्टर : थेंब वेळेवर? दुखायला कधी लागलं? मी तोंड उघडायच्या आत आई, "टाइमावर टाकले पोरीनं. आज सकाळपासूनच दुखून राहिलं."
मी ते खोडलं नाही. आजचंच दुखणं समजून डॉक्टरांनी थेंब वाढवले, घरी पाठवलं.
बसमध्ये तिनंच माझा हात धरला.

१३ जाने.
लाली तशीच. शिरीषला कागद पाठवले नाहीत. लूप सुटल्याचा आनंद अजून आत कुठंतरी आहे, त्याचीच लाज वाटते.

१४ जाने.
आईजवळ शेजारच्या कुसुममावशीला बसवून एकटीच पांढुर्ण्याला गेले. डॉक्टरांना खरं सांगितलं. दुखणं आदल्या दिवसाचं, थेंब मी चुकवले. रागावले असते तर बरं होतं. "परवाच सांगायचं होतं." उद्या घेऊन या, भरती करू. मी : दिसेल ना? "आता सांगता येत नाही."
घरी येऊन आईला सांगितलं. ती उठून बसली. मग, "तुले कोणी बोलू नये म्हणून तं म्हटलं होतं मी."
तिची पिशवी भरली. सकाळची पहिली बस.