बाबांचं कानाचं यंत्र

दादा,

आईनं तुझं जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. आम्ही बाबांचा देह ताब्यात घ्यायला दवाखान्यात चाललोय.

पोलिसांना दंगल आवरेना म्हणून तुमची पलटण आपल्याच चौकात उभी केली. ‘थांब!’ असं तीनदा ओरडून मगच गोळी घातलीत, अगदी नियमाप्रमाणे. बाबांना ऐकू येत नाही, हे त्या रांगेत तुला एकट्यालाच ठाऊक होतं. दुरुस्तीला नेलेलं त्यांचं यंत्र अजून तुझ्याच बॅगेत आहे.

तोंडाला फडकं होतं, तरी तू बंदूक खाली घेताना मी खिडकीतून ओळखलं. आईला बोलले नाही. ती सारखी म्हणतेय, ‘माझा लेक तिथे असता, तर त्यानं ह्यांना हात धरून घरी आणलं असतं.’

खांदा द्यायला वेळेवर ये. तिला तुझ्याच गळ्यात पडून रडायचंय.

– छोटी