सोंगाड्याच्या शब्दावर मूठभर तांदूळ

॥ श्री ॥
काळाचौकी, ता. ६-११-१९५७

चि. गुणाजीस ताईचे अनेक आशीर्वाद.

खानावळीतल्या दहाजणांची जेवणं उरकून दोनदा गिरगावात येऊन गेले. दोन्ही वेळा तुझ्या खोलीला कुलूप! कलापथकातला सोंगाड्या मंत्र्याहून दुर्मीळ झाला म्हणायचा.

पत्रास कारण तांदूळ. आमच्या चाळीतल्या बायका रोज भात टाकताना एक मूठ गाडग्यात बाजूला ठेवतात आणि महिनाअखेर कुणा गरजवंताला देतात, हे तू लहानपणापासून बघतोयस. गेल्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेआधी तुमचा खेळ झाला. सगळ्यांना पोट धरधरून हसवलंस आणि शेवटी म्हणालास की, अँटॉप हिलच्या मायाछत्र बालिकाश्रमाला मूठ द्या, तिथे मुली राजकन्येसारख्या राहतात. झालं! सगळी गाडगी तिकडे रिकामी झाली.

मी एवढंच विचारते, तो आश्रम तू पाहिलायस का? हो की नाही, कार्डावर लिही. खोकल्याला आलं-गूळ घे.

माया आहेच, पण उत्तराची घाई आहे.
तुझी ताई, बकुळा

गिरगाव, ता. ९-११-१९५७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे कोर्टाचं समन्स. पथकातल्या पोरांनी मोठमोठ्याने वाचलं. अगं, आश्रमाचे चालक रघुवीरशेठ सज्जन माणूस. सभेला कर्णे त्यांनीच फुकट दिले. त्यांनी दोन ओळींची चिठ्ठी हातात ठेवली, ती मी रंगवून म्हटली, बस्स. हसवणारा माणूस म्हणजे काय सरकारी इन्स्पेक्टर? बायकांनी तांदूळ दिले, पुण्य त्यांच्या पदरी.

तू जन्माची खडूस. माझ्या नकलांना सगळी चाळ हसायची, तू एकटी तवा घासत बसायचीस. कुर्ल्यांचं सार करणार असशील तर रविवारी येतो.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
गुणाजी

काळाचौकी, ता. १२-११-१९५७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, आता हे तांदळापुरतं राहिलं नाही. शेजारच्या जाईबाईचा मुलगा आनंदा चळवळीतल्या गोळीबारात गेला, ठाऊक आहे ना? सून तर बाळंतपणातच गेली होती. आठ वर्षांची नात शेवंती तेवढी म्हातारीच्या पदरात. ती गिरणीत गेली की पोर दिवसभर एकटी. म्हणून येत्या पंचवीस तारखेला जाईबाई तिला त्या मायाछत्रात ठेवणार आहे. कायमची!

मी म्हटलं, आधी आत जाऊन बघ. तर म्हणाली की आत कुणाला सोडत नाहीत, पण गुणाजी खोटं कशाला बोलेल? आनंदा गेल्यावर मला पहिल्यांदा हसवलं ते त्यानेच. आता यावर मी काय बोलू, तूच सांग!

तुला आत सोडतील. जाऊन ये. तोवर मला तोंड दाखवू नकोस. कुर्ल्या विसर.

बकुळा

गिरगाव, ता. १७-११-१९५७

ती. ताईस शि. सा. न.

जाऊन आलो. सोळा मुली उन्हात चिंध्या निवडत बसल्या होत्या. पाटी नाही, पुस्तक नाही, जेवायला कण्यांची पेज. आमच्या बायकांचे तांदूळ कुठे जातात विचारलं, तर शेठ चहा मागवायला लागले. मग मुलींना म्हणाले की सोंगाड्या आलाय, हसा. आणि त्या हसल्या गं ताई! सगळ्या एकदम, हुकमाबरोबर. चहा तसाच ठेवून बाहेर पडलो.

काल लालबागच्या खेळात नक्कल मध्येच थांबवली आणि सगळं सांगितलं. मी न बघता बोललो, तिथे मूठ देऊ नका, पोरी पाठवू नका. लोक गडबडा लोळले! मी रडकुंडीला आलो तशा टाळ्या वाढल्या. जाईबाई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत हसत होती. खेळ सुटल्यावर मी तिचे पाय धरले, तर त्यालाही हसली आणि म्हणाली की आज कमाल केलीस.

रविवारी चाळीत येतो, तोंडाला रंग न लावता. तू माझ्या शेजारी उभी राहा. तू कधी हसत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं तोंड बघून तरी त्यांना खरं वाटेल.

तुझा नालायक भाऊ,
गुणाजी

काळाचौकी, ता. २५-११-१९५७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

काल तू गेल्यावर जाईबाईने विचारलं की गुणाजीला बरं नाही का, चेहरा किती उतरलाय. मी म्हटलं, त्याला काही झालेलं नाही, खरं बोलत होता. म्हातारीने माझं तोंड निरखून पाहिलं. मग शेवंतीच्या परकर-पोलक्यांचं बांधलेलं गाठोडं सोडलं. आजपासून पोर दिवसा माझ्याकडे. दहाजणांत अकरावं ताट, त्यात काय मोठंसं! महिन्याची गाडगी आता जाईबाईच्या दारी जातील. नको नको म्हणते, पण तिला विचारतंय कोण?

तरी माझा राग गेलेला नाही. बायकांना बजावलंय, हसवणाऱ्याला खुशाल हसा, पण गाडगं उचलण्याआधी स्वतः जाऊन बघून या.

शेवंती वाचली, कारण ती माझ्या शेजारची. त्या सोळाजणींच्या शेजारी कोण आहे रे? त्या आजही तिथेच बसल्यात, सांगितलं की हसतायत. त्यांचं काय करणार आहेस ते उलट टपाली लिही. आणि या पत्रात एकही विनोद नको.

वाट पाहणारी,
ताई